मदत हवी आहे: 1965 च्या शकुंतलेचे डबे

नमस्कार मंडळी, मी दारव्ह्याचा. आपल्या शकुंतलेचं, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजचं 1:87 मापात मॉडेल करतोय. 762 मिमी रुळांतर या मापात पावणेनऊ मिमी येतं, म्हणून 9 मिमीचा ट्रॅक घेतला. काळ 1965, माझे आजोबा याच गाडीनं जायचे.

इंजिन वाफेचंच, डिझेल 1994 मध्ये आलं. डब्यांवरची जीआयपीची, म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, अक्षरं खोडली, कारण 1951 पासून मध्य रेल्वे. तिसरा वर्ग 1974 पर्यंत होता, तोही लिहिला. अडलोय रंगावर. तेव्हा डबे कोणत्या रंगाचे होते? मालडबे त्याच गाडीला जोडत का? घरी जुना फोटो असेल, कोण्या म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल तर सांगा बाप्पा. कृष्णधवलही चालेल, खिडक्यांची ठेवण तरी कळेल.