तिकिटं: स्टेजमागची की बाल्कनी? गुरुवारपर्यंत सांगा

मंडळी,
२२ नावं आली. स्टेजमागच्या दोन ओळी अर्ध्या किमतीत मिळतायत. बाल्कनी घेतली तर बसचे पैसे वेगळे काढावे लागतील. कार्यक्रम तोच: मोझार्टची २९वी सिंफनी, मग त्याचीच व्हायोलिन आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या आवाजाचा) या दोन एकल वाद्यांची सिन्फोनिया कॉन्चेर्तांते, मध्यंतरानंतर हायडनची ४५वी सिंफनी. मागची घेऊन टाकू?
– खजिनदार

> मागची घेऊन टाकू?
नको. टिम्पनी (मोठे नगारे) कानाशी येतात. बेथोव्हेनच्या वेळी काय झालं, आठवा.
– वाचनालय

काका, इथे टिम्पनी कुठून आणलीत? तिन्हींत टिम्पनी नाही, ट्रम्पेटही नाही. तंतुवाद्यं, २ ओबो (लाकडी फुंकवाद्य), २ हॉर्न (पितळी). हायडनमध्ये भर एका बासूनची (ओबोपेक्षा खालच्या आवाजाचं फुंकवाद्य). त्रास हॉर्नचा. त्याचं तोंड मागे असतं, म्हणजे थेट आपल्यावर, आणि २९वीच्या शेवटच्या भागात हॉर्न चांगलेच उसळतात. एकलवादक मात्र पाठमोरे. व्हायोलिन वरच्या पट्टीमुळे निभावतं, व्हायोला बुडतो. तो उठून दिसावा म्हणूनच मोझार्टने १७७९ मध्ये ऑर्केस्ट्रा ई-फ्लॅट मेजर या पट्टीत ठेवून व्हायोलाचा भाग अर्धा स्वर खालच्या डी मेजरमध्ये लिहिला आणि तारा अर्धा स्वर चढवायला लावल्या. ताण वाढला की आवाज उजळतो, शिवाय मोकळ्या तारा वापरता येतात. हल्ली बहुतेक जण नेहमीच्याच जुळणीत वाजवतात, म्हणजे तोही आधार गेला. बाल्कनीच घ्या.
– सांस्कृतिक समिती

हायडनला मागचीच जागा बरी. शेवटच्या अदाजिओत (संथ भागात) वादक रचनेप्रमाणेच एकेक करून उठून जातात: आधी पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न, मग बासून, मग उरलेला ओबो-हॉर्न, मग डबल बास... अखेरीस म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेली दोन व्हायोलिनं. जवळून बघण्यात मजा आहे.
– माजी सचिव

> म्यूट लावलेली दोन व्हायोलिनं
आणि ती पाठीमागून ऐकायची? तसंही आपली मंडळी त्याआधीचा प्रेस्तो (जलद भाग) अर्ध्यात तुटला की संपलं समजून टाळ्या वाजवणार आणि कोट घालणार. टाळ्यांचे नियम कळवा.
– वाचनालय

टाळ्यांची सूचना आमची समिती पाठवेल, इथे नको. मधेच वाजल्या तर आभाळ कोसळत नाही. पॅरिसात सिंफनी चालू असतानाच टाळ्या पडल्या, हे मोझार्टने ३ जुलै १७७८ च्या पत्रात वडिलांना खुशीत कळवलंय.
– सांस्कृतिक समिती

बरं, बाल्कनी. पण डावी की उजवी? दोन्हीकडे २२ शिल्लक आहेत.
– खजिनदार

डावी. एकलवादकाचं वाद्य डाव्या खांद्यावर, त्याचा दर्शनी भाग वादकाच्या उजवीकडे झुकलेला; वादक आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणजे आवाज आपल्या डावीकडे येतो. पहिली ओळ सोडा, कठडा आड येतो.
– सांस्कृतिक समिती