सगळं कॉम्प्युटरवर होतं तर सेटवर एवढी माणसं कशाला? (साय-फाय सिनेमाचा क्रू)

नटबोल्ट:
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, साय-फाय सिनेमांचं लहानपणापासून वेड आहे आणि सिनेमा संपला तरी शेवटचं नाव वर जाईपर्यंत मी जागचा हलत नाही. डायरेक्टर, कॅमेरामन, एडिटर हे कळतं हो, पण गॅफर, ग्रिप, डेटा रँगलर, मॅचमूव्ह, रोटो, फोली, ब्रेकडाऊन आर्टिस्ट ही माणसं कोण? नेटवर शोधलं की एका ओळीची व्याख्या मिळते, पण तो माणूस सकाळी कामावर आल्यावर हातात काय घेतो हे कुठेच कळत नाही. आणि माझा एक मित्र ठामपणे सांगतो की आता यान, ग्रह, रोबो सगळं कॉम्प्युटरवर बनतं, सेटवर फक्त हिरवा पडदा आणि दोन नट. मग ती हजार-दोन हजार नावं कशाची? मला हे खरंच जाणून घ्यायचंय, कारण मला स्क्रीनसमोर बसण्यापेक्षा हातानं वस्तू बनवायला आवडतं, आणि अशा माणसाला तिथे जागा आहे का ते बघायचंय. कुणी या लाइनमधलं असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा.

हिरवा_पडदा:
मी कंपोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकावर एक बसवून एकच शॉट वाटेल असं जोडतो, बरीच वर्षं झाली. तुझ्या मित्राला सांग की कॉम्प्युटरवर यान बनवणं हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड काय, तर ते यान आणि सेटवरचा खरा माणूस एकाच जागी, एकाच उजेडात उभे आहेत असं वाटायला लावणं, आणि त्याची निम्मी तयारी सेटवरच करावी लागते, नंतर कितीही कॉम्प्युटर लावले तरी ती भरून निघत नाही.

डेटा रँगलरचं विचारलंस ना, त्याच्यापासूनच सुरुवात करतो कारण माझं सगळं काम त्याच्या वहीवर चालतं. प्रत्येक शॉटला तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून लिहून घेतो, लेन्स कुठली, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर, किती झुकलेला, नटापासून किती अंतरावर. शॉट झाला की एक चकचकीत आरशासारखा गोळा आणि एक राखाडी गोळा घेऊन नट उभा होता तिथे जाऊन उभा राहतो, पाचदहा सेकंद शूट करतात आणि बाजूला होतो. त्या आरशाच्या गोळ्यात सेटवरचा प्रत्येक दिवा कुठे आहे ते दिसतं, राखाडी गोळ्यावर उजेड किती आणि सावली किती कडक ते कळतं. तोच उजेड आम्ही कॉम्प्युटरमध्ये परत मांडतो आणि त्यात रोबो उभा करतो. मॅचमूव्हवाला मग खरा कॅमेरा कसा हलला ते फ्रेम-फ्रेम बघून तसाच एक खोटा कॅमेरा कॉम्प्युटरमध्ये तयार करतो, त्यात जराशी चूक झाली की रोबोचे पाय जमिनीवरून घसरतात, आणि प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खोटं आहे हे लगेच जाणवतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका छोट्या प्रोजेक्टवर घाईत कुणीच लेन्स लिहून ठेवली नव्हती, गोळाही शूट केला नव्हता. सहा शॉट होते फक्त. आम्ही तीन माणसं दोन आठवडे अंदाज बांधत बसलो आणि तरी त्यातले दोन शॉट शेवटी कापावे लागले. सेटवर जे काम पाच मिनिटांत झालं असतं त्यासाठी हे सगळं. तेव्हापासून नावांमध्ये डेटा रँगलर दिसला की मी ते नाव नीट वाचतो.

रोटो म्हणजे माणसाच्या कडेकडेनं आकार कापून काढणं, प्रत्येक फ्रेमला. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे चार सेकंदांच्या शॉटला 96 वेळा, केसांसकट. आता यात मशीनची मदत होते तरी कडा शेवटी माणूसच दुरुस्त करतो. फार चिकाटीचं काम आहे, आणि या लाइनमधली बरीच माणसं तिथूनच सुरुवात करतात.

सुईदोरा:
मी कॉस्च्युममध्ये आहे, अवकाशवीरांचे सूट आणि हेल्मेट असलेल्या एका कामावर होते. एका हेल्मेटचीच गोष्ट सांगते, त्यातच तुला निम्मी नावं भेटतील.

आधी कॉन्सेप्ट आर्टिस्ट ते कागदावर काढतो. चित्रात सुंदर दिसतं, पण त्यात डोकं कुठून घालायचं हे चित्रात नसतं, ते मॉडेल मेकर ठरवतो. तो थ्रीडी प्रिंट काढतो, त्यावरून साचा, साच्यातून प्रती. पुढची काच म्हणजे प्लॅस्टिकचा पत्रा गरम करून साच्यावर हवा ओढून बसवतात. प्रती एकसारख्या नसतात हां. क्लोजअपसाठी एक, ज्यात सगळं बारीक काम. स्टंटसाठी मऊ रबराची, पडल्यावर मानेला लागू नये म्हणून. मागच्या गर्दीसाठी साध्या, हलक्या. मग हे सगळं नवंकोरं चकचकीत हेल्मेट ब्रेकडाऊन आर्टिस्टकडे जातं आणि ती ते खराब करते, हेच तिचं काम. पॉलिश पेपर, रंग, माती. पण कुठेही ओरखडे मारत नाही, ही व्यक्ती उजव्या हातानं काच खाली ओढते म्हणजे उजव्या कडेचा रंग जास्त गेलेला पाहिजे, अशा विचारानं मारते. मी तिला एका बोटाच्या पेराएवढ्या जागेवर अर्धा तास काम करताना बघितलंय.

मग पहिल्या दिवशी नटानं ते डोक्यावर घातलं आणि दोन मिनिटांत काच वाफेनं पांढरी. म्हणून आत छोटे पंखे बसवायचे. कॅमेरामनला चेहरा दिसत नाही म्हणून आत दिवे, म्हणजे बॅटरी, म्हणजे सूटच्या पाठीवर वायरिंग, म्हणजे रोज चार्ज करायला एक माणूस. बंद हेल्मेटमध्ये डायरेक्टरचं ऐकू येत नाही म्हणून कानात स्पीकर. तेवढ्यात साउंडवाले आले की पंख्याचा आवाज डायलॉगमध्ये येतोय, म्हणून 'रोल' म्हटलं की पंखा बंद, 'कट' म्हटलं की चालू, आणि ते बटण दाबायला परत एक माणूस. वरून त्या काचेत समोरचा अख्खा क्रू दिसतो, कॅमेऱ्यासकट, म्हणून कितीतरी सिनेमांत काच काढूनच शूट करतात आणि नंतर हिरवा_पडदा यांच्यासारखे लोक काच, तिच्यातलं प्रतिबिंब, वाफ सगळं बसवतात.

आणि हे सगळं चालू असताना स्क्रिप्ट सुपरवायझर बाजूला बसून लिहीत असते की सीन 42 मध्ये काचेला तडा डाव्या बाजूला होता, ऑक्सिजनचा आकडा अमुक होता. शूटिंग उलटसुलट क्रमानं होतं, शेवटचा सीन पहिल्या आठवड्यात. तिनं नाही लक्ष ठेवलं तर तुटलेली काच पुढच्या सीनला आपोआप जोडली जाईल.

कानसेन:
सुईदोरा ताईंनी पंख्याचं सांगितलं, ते साउंडवाले आम्हीच :) पण खरंच सांगतो, इतकं करूनही सूटची घासाघीस असतेच, त्यामुळे असले बरेच डायलॉग नंतर स्टुडिओत परत रेकॉर्ड करावे लागतात, श्वास तर वेगळे रेकॉर्ड करतात, घाबरलेला, दमलेला, झोपलेला. हेल्मेटमधल्या सीनमध्ये अर्धा अभिनय श्वासात असतो.

फोली म्हणजे पडद्यावर चित्र बघत बघत पावलं, कपडे, वस्तू हाताळल्याचे आवाज हातापायानं करून रेकॉर्ड करणं. आणि साउंड डिझायनरचं काम साय-फायमध्ये सगळ्यात मजेचं, कारण ज्या वस्तूचा आवाज कुणी कधी ऐकलेलाच नाही तो त्याला शोधायचा असतो. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये त्या प्रकाशाच्या तलवारीचा आवाज बेन बर्ट यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची गुणगुण आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमुळे माइकमध्ये आलेली घरघर एकत्र करून बनवला. मग तो स्पीकरवर लावला आणि समोर दुसरा माइक हातात धरून हवेत फिरवला, तेव्हा तलवार फिरल्यासारखा चढउतार आला. बंदुकांचा आवाज रेडिओच्या उंच टॉवरला ताणून धरणाऱ्या तारेवर हातोडा मारून. म्हणजे सगळा कच्चा माल खऱ्या जगातला, नुसत्या बटणांतून आलेला आवाज हलका वाटतो असं माझं मत आहे.

नटबोल्ट:
बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, खूप खूप आभार. हेल्मेटचं तर मी दोनदा वाचलं. मग माझ्यासारख्याला जागा नक्की कुठे, स्पेशल इफेक्ट्स म्हणतात ते आणि व्हीएफएक्स एकच का? आणि गॅफर, ग्रिप राहिलेच.

तिसरा_टेक:
दोन्ही वेगळे. कॅमेऱ्यासमोर खरोखर घडतं ते स्पेशल इफेक्ट्स, नंतर चित्रात घालतात ते व्हीएफएक्स. आणि तुझी जागा पहिल्यात आहे, माझी खात्री आहे. मी ग्रिप आहे म्हणून आधी ते सांगतो, दिवे आणि वीज गॅफरच्या हाताखाली, आणि कॅमेरा ज्यावर बसतो वा सरकतो ती ट्रॉली, रूळ, क्रेन, शिवाय उजेड अडवायचे पडदे हे आमच्याकडे. बेस्ट बॉय म्हणजे गॅफरचा किंवा ग्रिपच्या मुख्याचा ('की ग्रिप'चा) उजवा हात.

आता मेकॅनिकल. 1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी'मध्ये तो माणूस गोल भिंतीवरून पळत जातो ना, तो सेट म्हणजे 38 फूट व्यासाचं, 30 टनांचं खरं फिरणारं चाक होतं, विकर्स-आर्मस्ट्राँग या इंजिनिअरिंगवाल्यांनी बांधलेलं. नट तळाशीच पळतो, फिरतो तो सेट. आतलं प्रत्येक टेबल-खुर्ची बोल्टनं घट्ट, कारण अर्ध्या फेरीनंतर ती डोक्यावर येणार. हे काम चित्रकाराचं नाही रे, बेअरिंग आणि लोड समजणाऱ्याचं आहे.

आणि हे फक्त जुन्या काळात होतं असं समजू नकोस. 2014 च्या 'इंटरस्टेलर'मधला तो चौकोनी रोबो, बऱ्याच शॉटमध्ये ती खरीखुरी जवळपास 90 किलोंची धातूची बाहुली होती. नट बिल अर्विन यांनी ती मागे उभं राहून स्वतः चालवली आणि आवाजही त्यांचाच, नंतर त्यांना चित्रातून पुसलं. समोरच्या नटांना बोलायला खरं काहीतरी मिळालं, नाहीतर काठीला लावलेल्या टेनिस बॉलकडे बघून बोलावं लागतं. उलट बाजूनं बघ, त्याच सिनेमातलं कृष्णविवर पूर्ण कॉम्प्युटरवरचं, पण त्यासाठी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांनी समीकरणं लिहून दिली, काही फ्रेमना 100 तासांपर्यंत वेळ लागला आणि त्यातून 2015 मध्ये शोधनिबंध छापून आला. सायन्स अ‍ॅडव्हायझर हेही एक पदच आहे.

सगळं मोठंच लागतं असंही नाही. 1993 च्या 'जुरासिक पार्क'मध्ये गाडीतल्या पाण्याच्या ग्लासात गोल तरंग उठतात ते आठवत असतील. तिथे ग्लासाखालून गिटारची तार घेतली होती आणि खालून एक माणूस ती छेडत होता. डायनासोर दिसायच्या आधीच भीती बसते ती त्या एका तारेनं.

हिरवा_पडदा:
त्याच सिनेमातलं अजून एक, नटबोल्ट, तुझ्यासाठी मुद्दाम. फिल टिपेट हातानं पुतळे हलवून अ‍ॅनिमेशन करणारे, डायनासोर कॉम्प्युटरवर करायचं ठरलं तेव्हा त्यांचं काम गेलंच होतं. पण प्राणी चालताना वजन कुठे टाकतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, म्हणून त्यांना तिथेच ठेवलं. त्यांच्या टीमनं सांध्यांत सेन्सर बसवलेला डायनासोरचा सांगाडा बनवला, तो हातानं हलवला की कॉम्प्युटरमधला डायनासोर हलायचा. आता हा सांगाडा मेकॅनिकल म्हणायचा की कॉम्प्युटर, तूच सांग.

नटबोल्ट:
मेकॅनिकल :) ठरलं, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला असंच काहीतरी करतो. माणूस बसलेली खुर्ची तिन्ही बाजूंना हळू झुकवणारा रिग, यानात बसल्यासारखा. वेडेपणा तर नाही ना?

तिसरा_टेक:
अजिबात नाही, सेटवर त्याला गिंबल म्हणतात आणि कॉकपिटच्या बहुतेक सीनना लागतो. फक्त दोन गोष्टी. मोटर कमी आवाजाची घे, कानसेनना विचार का ते. आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण दोन ठिकाणी लाव, एक चालवणाऱ्याजवळ आणि एक बसणाऱ्याच्या हाताशी. पहिल्यांदा रिकामी खुर्ची फिरव, मग वाळूची पोती बांधून, माणूस सगळ्यात शेवटी.

सुईदोरा:
आणि बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असेल तर दोन-तीन किलो वजन मानेवर वाढतं, झटका दिलास तर मान दुखावेल. वेग हळूहळू वाढेल असं बघ. फोटो टाक झाल्यावर.