गोष्ट असलेला गेम मित्रासोबत खेळताना दोघांची गती कशी जुळवावी?

महालातला गेमर:

नमस्कार. शाळेपासूनचा माझा एक मित्र हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि रविवारी दुपारी माझ्याकडे नागपूरच्या महाल भागात येतो. उन्हामुळे बाहेर पडण्याची सोय नसल्याने आम्ही प्लेस्टेशनवर ‘इट टेक्स टू’ सुरू केला आहे. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आलेले कोडी आणि मे हे जोडपे लहानशा बाहुल्यांमध्ये अडकते, अशी त्याची गोष्ट आहे. मी हा गेम मामेभावासोबत एकदा पूर्ण केला आहे. मित्राने मात्र मोबाइलवरील क्रिकेटखेरीज काहीच खेळलेले नाही. त्याची तीच उडी आठ-दहा वेळा चुकली की मी त्याच्या हातातला कंट्रोलर घेऊन तेवढा भाग पार करून देतो. तीन रविवारांत आम्ही दुसऱ्या धड्यातील झाडापर्यंत पोहोचलो; पण गेल्या वेळी गांधीलमाश्यांच्या लढाईत त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, “तूच खेळ, मी बघतो.” तेव्हापासून मला चुटपुट लागली आहे. त्याला न कंटाळवता हा गेम पूर्ण कसा करावा, की दुसरा एखादा घ्यावा?

धरमपेठेतून:

तुमचा प्रश्न गतीचा वाटत असला, तरी मला तो कंट्रोलर हातातून घेण्याचा वाटतो. हा गेम एकट्याने खेळताच येत नाही, कारण तो बनवणाऱ्या जोसेफ फारेस यांच्या स्टुडिओने प्रत्येक धड्यात दोघांना वेगवेगळी साधने दिली आहेत. पहिल्या धड्यात कोडी भिंतीत खिळे मारतो आणि मे हातोड्याच्या आधाराने त्या खिळ्यांवरून झोके घेत पुढे जाते. झाडाच्या धड्यात एक जण चिकट डिंक फवारतो आणि दुसरा आगकाडी मारून तो पेटवतो. या देवाणघेवाणीतच गोष्ट आहे, कारण बोलणे थांबलेल्या नवरा-बायकोला एकमेकांच्या मदतीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. तुम्ही दोन्ही कंट्रोलर आळीपाळीने चालवलेत, म्हणजे मित्राच्या वाट्याची गोष्टच काढून घेतलीत.

उपाय सोपा आहे. मामेभावासोबत तुम्ही जे पात्र घेतले होते, ते या वेळी मित्राला द्या आणि पहिल्यापासून सुरुवात करा. तीनच रविवार झाले आहेत, फार नुकसान नाही. दुसऱ्या पात्राची साधने तुम्हालाही नवीन असल्याने अर्धी उत्तरे तुमच्यापाशी तयार नसतील आणि तुम्हीही थोडे चाचपडाल, जे या ठिकाणी हिताचेच आहे.

नवख्या माणसाला उडीपेक्षा जड जाते ते डाव्या अंगठ्याने चालणे आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने कॅमेरा फिरवणे. आपल्याला हे कधी शिकलो ते आठवतही नाही, म्हणून समोरच्याचा गोंधळ मूर्खपणासारखा दिसतो. गेममध्ये एकमेकांविरुद्ध खेळायचे पंचवीस छोटे खेळ ठिकठिकाणी लपवलेले आहेत. ते सापडतील तिथे थांबा. तिथे हरल्याने गोष्ट अडत नाही आणि हात आपोआप बसतो. उत्तर तुम्हाला माहीत असले तरी त्याने विचारल्याशिवाय सांगू नका. (मला स्वतःला हे अजून जमलेले नाही, धाकटी बहीण साक्षीला आहे.)

फुटाळ्याचा वारा:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु ‘पहिल्यापासून’ हा शब्द ऐकूनच तुमचा मित्र उठून जाईल, अशी मला शंका आहे. त्याऐवजी त्याच स्टुडिओचा २०१८ मधील ‘अ वे आउट’ घेऊन पाहा. लिओ आणि व्हिन्सेंट हे दोन कैदी तुरुंगातून पळतात. यात उड्यांची कसरत कमी असून बोलणे, टेहळणी आणि एकमेकांसाठी दार धरणे जास्त आहे. साधारण सहा तासांत, म्हणजे तीन दुपारींत तो संपतो. काही ठिकाणी लिओची युक्ती वापरायची की व्हिन्सेंटची, यावर दोघांचे एकमत झाल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही; त्यामुळे तरबेज माणसाला एकट्याने निर्णय घेऊन टाकता येत नाही. शेवटाबद्दल मी काहीही लिहिणार नाही आणि तुम्हीही आधी शोधू नका. मित्राची बदली कधी पुण्याला झालीच, तर दोन्ही गेममध्ये एकाने विकत घेतलेली प्रत पुरते. दुसरा जण ‘फ्रेंड्स पास’ ही मोफत सोय वापरून ऑनलाइन सामील होऊ शकतो.

कूलरसमोर:

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. संवाद इंग्रजीत आहेत आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीत कूलर घरघरत असतो, तेव्हा मित्राला निम्मी गोष्ट ऐकूच येत नसेल. सबटायटल्स सुरू करा आणि दृश्य चालू असताना पुढच्या कोड्याची चर्चा करू नका. ज्याला गोष्ट कळत नाही त्याला दहाव्यांदा उडी कशासाठी मारायची, हेही कळत नाही.

महालातला गेमर:

सर्वांचे आभार. काल त्याला स्पष्ट सांगितले की कंट्रोलर ओढून घेणे ही माझी चूक होती, आणि पहिल्यापासून सुरुवात करायची का, ते त्याच्यावर सोपवले. तो तयार झाला. आता कोडी त्याच्याकडे आणि मे माझ्याकडे आहे. त्याचा खिळा उशिरा यायचा आणि मी दर वेळी हातोड्यासह खाली पडायचो, यावर तो इतका हसला की दोन वेळा मुद्दामच उशीर केला असावा. कूलरमध्ये पाणी भरायला मी उठलो, तेवढ्यात त्याने सापडलेला एक छोटा खेळ एकट्याने सुरू होतो का, हे करून पाहिले. सुरू झाला नाही, म्हणून मला हाका मारत बसला. ‘अ वे आउट’ही यादीत आहे, पण पुढच्या रविवारी तो दुपारी बाराऐवजी अकराला येणार आहे.