गायरानावरचा मुक्काम : नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटात फुकट कॅम्पिंग असेच चालू राहावे का?

काटेसावर (धागाकर्ता)

ॲरिझोनात राहायला येऊन मला चौदा वर्षे झाली आणि जवळपास प्रत्येक हिवाळ्यात पाच-सहा रात्री तरी मी उघड्या वाळवंटात तंबू ठोकून काढल्या आहेत. ज्यांना ही सोय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत केंद्र सरकारच्या मालकीची अफाट जमीन आहे. नेवाडाचा सुमारे ८० टक्के आणि युटाचा ६० टक्क्यांहून अधिक भूभाग सरकारी आहे. देशभरातल्या अशा जमिनीपैकी सुमारे २४ कोटी ५० लाख एकर ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले बीएलएम, हे खाते सांभाळते. जिथे मनाई केलेली नाही तिथे या जमिनीवर कोणीही साधारणपणे चौदा दिवस विनामूल्य राहू शकतो. नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही. लागेल ते घेऊन यायचे आणि उरेल ते परत न्यायचे. मुदत संपली की गाशा गुंडाळून वीस-पंचवीस मैल पुढे सरकायचे. आपल्या भाषेत हे देशाचे गायरान आहे, आणि हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण हे खाते १९४६ साली जन्माला आले तेच जमिनींचे वाटप करणारे जुने कार्यालय आणि चराईचे नियमन करणारे खाते एकत्र करून.

गेल्या फेब्रुवारीत टूसॉनच्या वायव्येला, आयर्नवुड फॉरेस्ट नॅशनल मॉन्युमेंट या बीएलएमच्याच संरक्षित क्षेत्रात, माझ्या जुन्या जागी गेलो. तिथे एका पालोव्हर्डेच्या झाडाभोवती पन्नास पावलांच्या आत दगडांच्या सात चुली मोजल्या. दोन चुलींत वितळून थिजलेली बाटलीची काच होती. मागच्या क्रिओसोटच्या झुडपांखाली दगड ठेवून दाबलेले टॉयलेट पेपरचे गोळे होते आणि त्यांतले काही वाऱ्याने उकरून सागुआरो निवडुंगांच्या काट्यांवर नेऊन अडकवले होते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती त्या पांढऱ्या चिंध्यांना फुले समजून जवळ गेली. त्या दिवशी आम्ही तंबू न उघडता परत आलो.

माझे म्हणणे असे की, जिथे गर्दी उसळते त्या पट्ट्यांत मोकळा मुक्काम आता बंद करावा, जागा आखून द्याव्यात आणि थोडे का होईना शुल्क घ्यावे. हे कोणाला अन्यायाचे वाटत असेल तर त्यांनी क्वार्टझाइट गावाजवळची ला पोसा ही जागा पाहावी. तिथे १९८३ पासून दीर्घ मुक्कामाचे क्षेत्र आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहायचे हंगामी शुल्क कित्येक वर्षे १८० डॉलर राहिले आहे, म्हणजे पूर्ण हंगाम राहणाऱ्याला रात्रीला एक डॉलरही पडत नाही. त्या बदल्यात पाणी मिळते, कचरा टाकायला जागा मिळते आणि आरव्हीची, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीची, मैलाटाकी रिकामी करता येते. कॅलिफोर्नियातील अलाबामा हिल्सला २०१९ साली राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर तिथेही मुक्काम आखलेल्या जागांपुरताच ठेवण्यात आला. जमीन वाचवायची असेल तर दुसरी वाट मला दिसत नाही.

मुक्काम पोस्ट

काटेसावर, तुमची तळमळ मला समजते आणि घाणीबद्दल आपले दुमत नाही. परंतु घाण करणाऱ्यावर उपाय म्हणून तुम्ही मुक्काम करणाऱ्या प्रत्येकाकडून पैसे घ्यायला निघाला आहात, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे.

पहिला मुद्दा कायद्याचा. २००४ च्या करमणूक शुल्क कायद्याने बीएलएमसारख्या खात्यांना वाटेल तिथे पावती फाडण्याची मुभा दिलेली नाही. विकसित कॅम्पग्राउंडसाठी शुल्क घ्यायचे असेल तर तंबूची किंवा गाडीची जागा, टेबल, पिण्याचे पाणी, रस्ता, संडास, कचऱ्याची सोय, शेकोटीची बंदिस्त जागा अशा नऊ सोयींपैकी बहुतांश तिथे असाव्या लागतात. म्हणजे शुल्क हवे असेल तर आधी त्या झाडाभोवती बांधकाम करावे लागेल. तुम्हाला आयर्नवुडच्या झाडीत सिमेंटची टेबले आणि खडीचा रस्ता हवा आहे का? मला नको आहे. ज्या उजाडपणासाठी आपण शंभर मैल गाडी हाकतो तोच त्यात जाईल.

दुसरा मुद्दा न्यायाचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तुम्ही गायरान हा शब्द वापरलात, म्हणून त्याच शब्दाने उत्तर देते. या गायरानावर गाय आणि तिचे वासरू महिनाभर चारण्यासाठी पशुपालकाने २०२५ साली सरकारला १ डॉलर ३५ सेंट दिले. सोने-तांबे काढणाऱ्या कंपन्या १८७२ च्या कायद्याखाली खाणकाम करतात आणि त्या खनिजावर केंद्राला स्वामित्वधन देत नाहीत. असे असताना दोन रात्री तारे पाहायला आलेल्या कुटुंबाकडून रात्रीला पंधरा-वीस डॉलर मागायचे, हा कुठला हिशेब? जमीन खणणाऱ्याला मोकळीक आणि जमिनीवर झोपणाऱ्याला पावती, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जून २०२५ मध्ये पश्चिमेकडील अकरा राज्यांतील लाखो एकर सार्वजनिक जमीन विकायला काढण्याची तरतूद सिनेटच्या अर्थसंकल्पी विधेयकात घालण्यात आली होती. ती युटाचे सिनेटर माइक ली यांनी मांडली आणि महिना संपण्याआधी त्यांनाच ती मागे घ्यावी लागली. ती कोणी हाणून पाडली? शिकारी, मासेमार, ट्रेकर आणि गाडीच्या टपावर तंबू बांधून फिरणारे लोक, ज्यांनी या जमिनीवर फुकट रात्री काढल्या होत्या आणि म्हणून तिला आपली मानले होते. लोकांना दारातच अडवलेत तर पुढच्या वेळी ही जमीन वाचवायला कोण उभे राहील?

ओसाड माळ

मी मातीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एवढ्याच बाजूबद्दल लिहितो. दोघांच्याही लेखनात वाळवंट ही रिकामी जमीन असल्यासारखी येते, आणि चर्चा कचऱ्याभोवती फिरते. कचरा उचलता येतो. खरे नुकसान चाकाखाली होते.

युटाच्या कोलोराडो पठारावर, मोआबच्या आसपास, दोन झुडपांमधली जमीन जवळून पाहिली तर ती काळपट, खडबडीत आणि बारीक मनोऱ्यांसारखी उंचसखल दिसते. तो जिवंत थर आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून वाळूचे कण धाग्यांनी शिवून ठेवलेले असतात. हाच थर हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतो, पाणी धरतो आणि वारा सुटला की माती उडू देत नाही. त्यावर पाय दिला तर वाळलेल्या पापडासारखा कुरकुर आवाज येतो, आणि तो आवाज आला की समजावे, आपण काही दशकांचे काम मोडले. गाडी फिरली तर किती काळ लागतो याचा दाखला पाहायचा असेल तर मोहावे वाळवंटात जावे. जनरल पॅटन यांनी १९४२ साली तिथे सैन्याच्या सरावाचे केंद्र उभारले होते. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांचे ठसे काही ठिकाणी आजही दिसतात. शिवाय त्याच वाळवंटातले कासव १९९० पासून संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. ते वर्षाचा बहुतेक काळ बिळात काढते, आणि रस्ता सोडून दहा फूट आत वळवलेल्या गाडीच्या चाकाला ते बीळ दिसत नसते.

म्हणून मला शुल्काशी कर्तव्य नाही, आखणीशी आहे. ज्या जागा आधीच मोडलेल्या आहेत त्याच पुन्हा पुन्हा वापरल्या जाव्यात आणि नवी जागा एकही उघडू नये. यासाठी टेबल लागत नाही, संडास लागत नाही. एक खांब, त्यावर आकडा आणि बाजूने ओळीने लावलेले दगड एवढे पुरते. सेडोनाच्या पश्चिमेला कोकोनिनो राष्ट्रीय वनात हेच केले आहे. जागा आखलेल्या आहेत आणि मुक्काम अजूनही विनामूल्य आहे.

एक इशारा इथे जोडणे भाग आहे. मातीचा थर मोडू नये म्हणून काही सुजाण लोक मुद्दाम कोरड्या ओढ्याच्या वाळूत, ज्याला इकडे वॉश म्हणतात, तंबू लावतात. मातीच्या दृष्टीने ती जागा उत्तम आहे, जीवाच्या दृष्टीने नाही. ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर हा मॉन्सूनचा काळ धरतात, आणि वीस मैलांवर पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखाली तुमच्या तंबूपर्यंत येऊ शकतो.

बाभूळबन

शुल्क थोडे का असेना, असे काटेसावर यांनी लिहिले आहे. त्या ‘थोड्या’ शुल्काविषयी मला बोलायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत क्वार्टझाइटच्या परिसरात, पण ला पोसाच्या बाहेर, जिथे पैसे पडत नाहीत अशा भागात, आम्ही चार रात्री होतो. शेजारी सत्तरीच्या एक बाई जुन्या व्हॅनमध्ये राहत होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती आणि निवृत्तिवेतनात शहरातले घरभाडे बसत नव्हते, म्हणून हिवाळा या वाळवंटात आणि उन्हाळा फ्लॅगस्टाफकडच्या उंच जंगलात, असा त्यांचा वर्षाचा फेरा ठरलेला होता. त्यांच्याकडे एक वही होती. तिच्यात प्रत्येक मुक्कामाची तारीख, आणि चौदावा दिवस लाल शाईने. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी कप परत कसा धुणार ते विचारले, कारण त्यांच्याकडे पाण्याचा हिशेब पेल्यापेल्याने चालत असे. त्यांच्या व्हॅनभोवतीची जमीन आमच्या तंबूभोवतीच्या जमिनीपेक्षा स्वच्छ होती.

हंगामाचे १८० डॉलर एकदम काढणे त्यांना जड जाते, आणि आगाऊ ऑनलाइन आरक्षणासाठी क्रेडिट कार्ड व सतत चालणारा फोन लागतो तो वेगळाच. तुमच्या-माझ्यासाठी ही सहल आहे, त्यांच्यासाठी ते घर आहे. नियम करताना आपण सहलवाल्यांचाच विचार करतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

काटेसावर

बाभूळबन, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले. शुल्काबाबत मी माझे म्हणणे मागे घेतो. नऊ सोयींची अट मला माहीत नव्हती, हेही मुक्काम पोस्ट यांच्यापुढे मान्य करतो. शुल्कासाठी बांधकाम होणार असेल तर ते मलाही नको आहे.

पण आखणीवर मी ठाम आहे, आणि विष्ठेवर त्याहून अधिक ठाम आहे. सहा ते आठ इंच खोल खड्डा करून पुरावे, ही जंगलातली शिकवण वाळवंटाला लागू पडत नाही. इथे मातीत ओल नाही, कुजवणारे जीव थोडे, आणि पुरलेला कागद वर्षानुवर्षे तसाच राहतो. मोआबच्या बऱ्याच भागांत सोबत छोटा संडास किंवा त्यासाठीच्या जाड पिशव्या बाळगणे आणि सर्व काही परत नेणे बंधनकारक आहे. तोच नियम संपूर्ण वाळवंटाला लावावा. त्या पिशवीला दोन-तीन डॉलर पडतात, बादली आणि घट्ट झाकण असले तर त्याहून कमी. आपल्या मराठी मंडळींना हे सोपे जावे असेही मला वाटते, कारण आपण पाणी वापरणारे लोक आहोत. लिटरभर पाणी जास्त घेतले की कागदाचा प्रश्नच उरत नाही. आमच्या गटात गेल्या तीन सहलींत आम्ही हेच केले आहे.

मुक्काम पोस्ट, लोक या जमिनीला आपली मानतात म्हणून ती वाचते, हे तुमचे म्हणणे मला पटते. मात्र त्या सात चुली पेटवणाऱ्यांनीही ती आपलीच मानली होती.

मुक्काम पोस्ट

विष्ठा परत नेण्याचा नियम मला पूर्णपणे मान्य आहे आणि मी स्वतः तो पाळते. शेकोटीही उन्हाळ्यात सरसकट बंद असावी. सोनोरन वाळवंट आगीसाठी घडलेले नाही. २०२० साली टोन्टो राष्ट्रीय वनात एका गाडीला लागलेल्या आगीतून सुमारे १ लाख ९३ हजार एकर जळाले आणि दीड-दोनशे वर्षे जगणारे सागुआरो त्यात होरपळले.

आखणीबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. खांबावर आकडा आला की काही वर्षांत त्या आकड्याचे आरक्षण येते आणि आरक्षणामागून पावती येते. शिवाय आखलेल्या जागा भरल्या की उरलेले लोक घरी परतत नाहीत, ते पुढच्या कच्च्या रस्त्यावर जातात, जिथे आजवर कोणी गेलेले नसते. ओसाड माळ, तुमच्या मातीचे नुकसान त्या पुढच्या रस्त्यावर अधिक होईल, याचा विचार तुम्ही केला आहे का? बीएलएमचे रेंजर इतके थोडे आहेत की एकेकाच्या वाट्याला दहा लाख एकरांच्या आसपास जमीन येते. मला खांबाआधी माणसे वाढलेली हवी आहेत.

ओसाड माळ

केला आहे, आणि तुमची भीती रास्त आहे. म्हणूनच आखणी एकेका जागेची करून भागत नाही, रस्त्यांची करावी लागते. कोणता कच्चा रस्ता गाडीला खुला आणि कोणता बंद, हे आधी ठरले पाहिजे. असे आराखडे करताना बीएलएम लोकांच्या हरकती आणि सूचना मागवते, आणि त्यांत गाडी दामटणाऱ्या क्लबांची पत्रे ढिगाने येतात, तर आपल्यासारख्या शांतपणे राहून जाणाऱ्यांची बोटावर मोजण्याइतकी. तुम्हाला आणि काटेसावर यांना मान्य असेल तर विष्ठा परत नेण्याची सक्ती, उन्हाळ्यात शेकोटीबंदी आणि नव्या चाकोऱ्या बंद करणे या तीन गोष्टींचे निवेदन मी लिहायला घेतो. खांबांचा मुद्दा त्यात घालत नाही, त्यावर आपले एकमत नाही. बाभूळबन, त्या बाईंचा चौदा दिवसांचा फेरा ज्या रस्त्यांवरून होतो ते कोणते, हे तुम्हाला सांगता आले तर ते रस्ते बंद करण्याच्या यादीत जाणार नाहीत याची मी काळजी घेईन.