वणवा 'लावतात' का?

दूरदेशी: मी कॅन्ससात मॅनहॅटनला असतो (न्यूयॉर्कवालं नव्हे). इथल्या फ्लिंट हिल्समध्ये जमिनीत चकमकीचा दगड इतका की नांगर नीट फिरलाच नाही, म्हणून उंच गवताचं माळरान शिल्लक राहिलं. एप्रिलात रँचवाले ते मुद्दाम पेटवतात. परवा एका रँचवर बघायला गेलो, वारा जिकडे चाललाय तिकडची कड आधी जाळून काळी केली, मग बाकीच्या बाजूंनी आग, पिकअपवर पाण्याची टाकी तयार. आठ-दहा दिवसांत राखेतून पोपटी कोंब, आणि मग ट्रकांनी आणून गुरं सोडली. वाईला आजोबांना लिहिलं, 'इथे वणवा लावतात'. उत्तर आलं, वणवा लागतो, लावतो त्याला पोलीस नेतात. मग म्हणायचं काय?

आडवाट: आजोबा बरोबर. वन + वह्नी = वणवा, यात माणूस आहे का कुठे? आमच्या महाडकडे राब भाजतात ती भाजावळ. तोच शब्द घ्या.

किन्नरी: भाजावळ कशी होईल?? राबाला कवळं, शेण, पालापाचोळा पसरून भाजायचं आणि तिथे भाताचा तरवा टाकायचा. इथे उभं गवत जळतंय, पेरायचं काहीच नाही. आणि वणवा लावला असं लोक सर्रास म्हणतात, पेपरात पण येतं.

आडवाट: पेपरात काय वाट्टेल ते येतं.

मोहोर: वडील वनखात्यात होते. आग पुढे सरकू नये म्हणून उन्हाळ्याआधी पट्टा जाळून ठेवायचे ती जाळरेषा, त्यामुळे तुमची ती काळी कड म्हणजे जाळरेषाच झाली. बाकीच्याला घरात ते नुसतं 'जाळून घेतलं' म्हणायचे. त्या दिवशी शर्ट बाहेरच काढायला लावायची आई.

झुणका: आमच्याकडेही गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवतातच की, त्यांना शिव्या आणि अमेरिकेत केलं की कौतुक.

दूरदेशी: पाऊस बघा ना. इथे एप्रिलात जाळलं की मे-जूनचा पाऊस लगेच मागे येतो. आपल्याकडे फेब्रुवारीत पेटवलेला डोंगर जूनपर्यंत उघडा, मग पहिल्या सरीत माती ओढ्यात. आणि ही रँचवाल्यांची अक्कल नाही, त्यांच्या आधी इथले मूळ रहिवासी, कॉ आणि ओसेज लोक, जाळायचेच. जवळच कॉन्झा प्रेअरी म्हणून संशोधनासाठी राखलेलं माळरान आहे, तिथे प्रयोगाचे तुकडे आहेत, काही दरवर्षी जाळतात, काही चार वर्षांनी, काही वीस. जास्त वर्षांनी जाळतात तिथे झुडपं माजलेली दिसतात.

किन्नरी: गुरं म्हणजे गायी का?

दूरदेशी: बरेचसे स्टीअर, म्हणजे खच्ची केलेले नर. तीनेक महिने चरून जुलैच्या मध्याला परत ट्रकात.

झुणका: म्हणजे बैल.

आडवाट: औताला न जुंपलेला बैल कसा? खोंड म्हणा.

झुणका: खोंड बडवलेला नसतो हो!! बडवलेले गोऱ्हे म्हणा फार तर. आमच्या आज्याने एक खोंड बडवायचा लांबवला होता, त्याने शेजाऱ्याचं कुंपण आणि मैत्री दोन्ही मोडली.

मोहोर: पक्षी काय दिसतात तिकडे?

दूरदेशी: प्रेअरी चिकन. पहाटे मोकळ्या जागी नर जमतात, गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखा घुमण्याचा आवाज येतो. मी माळकोंबडी म्हणतो.

आडवाट: नाचतो नर आणि नाव कोंबडीचं?

मोहोर: माळकोंबडा मग. पण आमच्याकडे गळ्याची पिशवी फुगवून नाचणारा म्हटलं की माळढोक, त्यामुळे

आडवाट: माळढोक वेगळा!! वाचक गोंधळतील.

झुणका: कोणते वाचक, आजोबा एकटेच आहेत.