गोव्याच्या दमट हवेत एका सॅकवर भटकताना: अनुभव धागा

भाचरं पुण्याहून येतात ती खांदे मोडतील अशा सॅका घेऊन. थंड, कोरड्या हवेसाठी केलेल्या सामानाच्या याद्या इथे कामाच्या नाहीत. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि उरलेले महिनेही घाम सुकत नाही. माझी कसोटी एकच: रात्री धुतलेला कपडा पंख्याखाली सकाळपर्यंत वाळला नाही, तर तो सॅकमध्ये जात नाही. ज्यांनी गोवा बसने, फेरीबोटीने, पायी पाहिलाय त्यांनी आपापलं सांगा.

डिचोलीहून
ताई, कसोटी पटली. जीन्स आधी बाहेर काढा. पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस ओली राहते आणि भिजली की वजनच सगळ्यात जास्त. सुती कपडा अंगाला बरा, पण घाम धरून ठेवतो. म्हणून मी दिवसा चालायला पॉलिएस्टरचे पातळ टीशर्ट आणि रात्री झोपायला एक सुती घेतो. जाड टॉवेलऐवजी पंचा. अंग पुसायला, डोक्याला बांधायला, बसमध्ये मानेखाली घ्यायला, सगळ्याला तोच. पिळून सॅकच्या बाहेर अडकवला की चालता चालता वाळतो.

काणकोणहून
सुती विरुद्ध पॉलिएस्टर या वादात मी सुतीच्या बाजूने. एप्रिल-मेच्या उकाड्यात पॉलिएस्टरला दुपारपर्यंत वास मारतो. सैल, विरळ विणीचा सुती सदरा घ्या, तोही लवकर वाळतो. पाळोळे ते आगोंद चालताना मीठ आणि वाळूने मांड्या सोलवटतात, तेव्हा खोबरेल तेलाची छोटी बाटली उपयोगी पडते. समुद्रात पोहून आल्यावर अंग आणि कपडे गोड्या पाण्यात खळबळून घ्याच. मीठ राहिलं तर कपडा हवेतलं पाणी ओढतो, पूर्ण वाळतच नाही.

मडगावहून, बसने रोज जाणारी
सॅक मांडीवर मावेल एवढीच घ्या. खाजगी मिनीबस भरलेल्या असतात, मोठी सॅक वर ठेवायला जागा नसते, दारात उभं राहिलं की ती दुसऱ्याच्या पायात येते. रायबंदर-चोडण फेरीबोटीत चढतानाही तेच. विमानाने येणाऱ्यांना हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक ७ किलो असते. तेवढ्यात बसलं तर आठवडाभर पुरतं.

फोंड्याहून
बायकांसाठी एक गोष्ट, मोकळेपणाने. आतले कपडे अर्धवट ओले घालू नका. ओलसर कपड्याने जांघेत गजकर्ण होतं, आणि पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो. कपडे कमी चालतील, पण आतल्या कपड्यांचा एक जोड जास्त हवाच. शिवाय एक पातळ ओढणी ठेवा. मंगेशी, शांतादुर्गेच्या देवळात आणि जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये खांदे झाकायला लागतात, एरवी उन्हात डोक्यावर.

पणजीहून
रेनकोट की छत्री? गावात छत्री. रेनकोटच्या आत माणूस घामानेच भिजतो. दुचाकीवर मात्र रेनकोटला पर्याय नाही. आणि सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळं सामान. बाहेरून कव्हर घातलं तरी पाणी पाठीकडून झिरपतंच.

वाळपईहून
चामड्याच्या वस्तू घरी ठेवा, बुरशी धरते. कॅमेरा असेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, लेन्सवरही बुरशी येते.

मोल्याकडचा
बुटांचं कोणीच बोललं नाही. पावसाळ्यात रानात बूट भिजले की वाळत नाहीत, त्यामुळे मी पट्ट्यांची रबरी सँडल घालतो. तळ खोल खाचांचा बघून घ्या, शेवाळलेल्या चिऱ्यावर गुळगुळीत तळ टिकत नाही. रानात जळवाही लागतात. लागली तर ओढून काढू नका, मीठही टाकू नका, त्याने ती जखमेत ओकू शकते; नख कातडीलगत सरकवून तिचं तोंड सोडवा. मग जखम धुऊन कोरडी करा, थोडा वेळ रक्त वाहतं, घाबरू नका.