‘द किस कोशंट’: शय्याप्रसंग काढून टाकले तर काय उरतं?

पानोपानी
हेलन होआंग यांची ही कादंबरी २०१८ साली आली. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाचा त्या वर्षीचा वाचकपसंतीचा प्रणयकथा पुरस्कारही तिलाच मिळाला. तेव्हापासून एकच तक्रार कानावर येते: गोष्ट छान आहे, पण ‘तसले’ प्रसंग फार. मला हे अजिबात पटत नाही. या पुस्तकात गोष्ट घडते तीच मुळी त्या प्रसंगांत. पुस्तक घसरतं ते शेवटच्या पाव भागात, दोघं एकमेकांपासून लांब गेल्यावर.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: सिलिकॉन व्हॅलीत राहणारी तिशीची स्टेला लेन अर्थशास्त्रातली आकडेतज्ज्ञ आहे. पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या खरेदीच्या आकड्यांतून अनुमानं काढण्यात ती रमते. ती स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. स्पर्श, वास, आवाज, सगळ्याचा तिला त्रास होतो. आईला नातवंडांची घाई झालेली, त्यात ऑफिसातला एक जण ‘तुला सराव हवा’ असं सुनावतो. मग ती पैसे मोजून एस्कॉर्टकडून, म्हणजे पैसे घेऊन सोबत आणि शरीरसंबंध करणाऱ्या पुरुषाकडून, जवळीक शिकायचं ठरवते. तो मायकल फान, अर्धा व्हिएतनामी. शुक्रवारी रात्री हे काम, एरवी आईच्या दुकानात शिवणकाम. आईला कॅन्सर आहे आणि दवाखान्याची बिलं थकली आहेत.

हॉटेलच्या खोलीतला पहिलाच प्रसंग बघा. स्टेला तोंडाने होकार देते, पण अंग ताठ झालेलं असतं. मायकलला ते कळतं आणि तो थांबतो. पैसे मिळालेले असूनही थांबतो. या एका थांबण्यातून आपल्याला दोघांबद्दल जेवढं कळतं, तेवढं वर्णनाच्या दहा पानांतून कळलं नसतं. पुढच्या प्रत्येक प्रसंगात काहीतरी सरकतं: आधी विचारतो तो, मग सांगते ती, मग मागते ती. शय्याप्रसंगाची माझी कसोटी सोपी आहे. प्रसंग संपल्यावर दोघांपैकी एकाला तरी आधी माहीत नसलेलं काही कळलं पाहिजे. इथे बहुतेक वेळा कळतं.

सडेतोड
पहिल्या प्रसंगाबद्दल मान्य. पण पुढे काय होतं? ‘धडे’ म्हणून जी यादी करतात ती लवकरच बाजूला पडते आणि तिचा स्पर्शाचा त्रासही जवळजवळ विरून जातो. स्वमग्न व्यक्तीची स्पर्शाची संवेदनशीलता प्रेमात पडल्यावर ओसरत नाही. ती दिवसागणिक, थकव्यागणिक कमीजास्त होते. काल चाललेला स्पर्श आज नकोसा वाटू शकतो, आणि हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श घट्ट मिठीपेक्षा जास्त बोचतो, असं अनेक जण सांगतात. कादंबरीत आवाजाचा त्रास शेवटपर्यंत टिकतो. क्लबमध्ये ती कोसळते, घरच्या जेवणात गोंधळते. स्पर्शाचा त्रास मात्र नायकाच्या हातून बरा होतो. जो अडथळा लेखिकेला सोयीचा नाही तोच नाहीसा झाला, असं दिसतं. ‘योग्य पुरुष भेटला की बाई खुलते’ हे जुनंच सूत्र आहे.

पानोपानी
सडेतोड, ‘योग्य पुरुष’ नव्हे, ‘विचारणारा पुरुष’. आधीच्या पुरुषांनी तिला विचारलंच नव्हतं. चुंबन म्हटलं की तिला शार्कचे दात साफ करणारा मासा आठवतो, तो त्या अनुभवांमुळे. विश्वास बसला की ताण कमी होतो आणि ताण कमी झाला की संवेदना सहन करण्याची ताकद वाढते. यात चमत्कार नाही. तरी कमीजास्त होण्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मधल्या भागात एखादा ‘आज नको’चा प्रसंग हवा होता.

टाकेदार
सगळे पलंगावरच अडकलात. मायकल शिंपी आहे, ही या पुस्तकातली सगळ्यात हुशार निवड आहे. स्टेलाला कपड्याची शिवण टोचते. शिवणकाम जाणणाऱ्याला यावरचा उपाय माहीत असतो: फ्रेंच सीम. आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेपासून साधारण ६ मिलिमीटरवर शिवायचं, कड ३ मिलिमीटरपर्यंत कापायची, कापड उलटवून इस्त्री करायची आणि पुन्हा ६ मिलिमीटरवर टीप मारायची. सुटे दोरे आत बंद होतात, अंगाला लागतच नाहीत. कड नीट कापली नाही तर दोरे बाहेर डोकावतात आणि जाड कापडावर हीच शिवण दोरीसारखी फुगते, म्हणून ती तलम कापडालाच शोभते. बाईच्या त्वचेला काय बोचतं ते ओळखून काम करणारा माणूस हा या पुस्तकातला खरा शृंगार आहे. त्याच्या पोटाच्या स्नायूंची वर्णनं निम्मी केली असती तरी चाललं असतं.

उलटतपासणी
शिवणीचं ठीक आहे, पण धंद्याचं काय? कॅलिफोर्नियात शरीरविक्रय गुन्हा आहे. दंड संहितेचं कलम ६४७(बी) विकणाऱ्याला लागतं तसं घेणाऱ्यालाही लागतं. सोबतीचे पैसे घेणं वेगळं आणि शरीरसंबंधाचे वेगळं. एजन्सीच्या आडून चालणारं सगळं काम या बारीक रेषेवर उभं असतं. कादंबरी तिकडे जवळजवळ फिरकतच नाही. लेखिकेने ‘प्रेटी वुमन’ (१९९०) या चित्रपटातल्या स्त्री-पुरुषांच्या जागा बदलल्या हे सर्वांना माहीत आहे. त्या चित्रपटातली नायिका निदान रस्त्यावरची भीती सोबत घेऊन येते. मायकलकडे लाज आहे, भीती नाही. पुरुषाने हे काम केलं की ते सुरक्षित आणि देखणं होतं का?

सुपारी
एवढी चर्चा कशाला? गोड वेष्टनातलं अश्लील पुस्तक आहे, बस.

समास
सुपारी, हा शिक्का मारून काहीच कळत नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ कथेवर आपल्याकडे अश्लीलतेचा खटला चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली तिचे लेखक चंद्रकांत काकोडकर यांना निर्दोष ठरवलं. प्रसंग उघड आहे की झाकलेला, हा प्रश्न नाहीच. तो नीट लिहिला आहे का, हे बोला.

आणि नीट लिहिला आहे का, तर माझ्या मते सर्वोत्तम प्रसंगात कोणी कोणाला हातही लावत नाही. मायकलच्या आईच्या घरचं जेवण आठवा. टीव्ही चालू, पियानो चालू, त्यात प्लास्टिकच्या डब्यात गरम केलेलं अन्न समोर येतं. त्यातून रसायनं अन्नात उतरतात म्हणून स्टेला ते खात नाही आणि तसं सगळ्यांसमोर सांगते. वर वडिलांची चौकशी करते, ज्यांचं नाव त्या घरात कोणी काढत नाही. तिचा मुद्दा चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे. अन्न नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, असं मानणारं घर आहे ते. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागणार नाही. पुस्तकाचा कणा तिथे आहे, पानोपानी, हॉटेलच्या खोलीत नाही.

पानोपानी
समास, तो प्रसंग भारी आहे यात वाद नाही. पण मायकल तिच्यावर चिडल्यावरही तिला समजून घेऊ शकतो, ते का? ताण आला की तिचं अंग कसं आखडतं, बोटं कशी वाजू लागतात, हे तो त्या खोलीतच शिकलेला असतो. ती पानं फाडून टाकलीत तर जेवणाच्या टेबलावर नुसती एक उद्धट मुलगी दिसेल.

सडेतोड
मग शेवटाबद्दल बोला. प्रणयकथेत साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झालं की ताटातूट येते, हे ठरलेलं आहे. ती पटते केव्हा? दोघांनी खरं बोलूनही प्रश्न सुटत नसेल तेव्हा. इथे दोघंही ‘मी तुझ्या लायकीचा नाही’, ‘मी तुझ्या लायकीची नाही’ असं मनात धरून बसतात. एका संध्याकाळच्या बोलण्यात मिटलं असतं. खरा पेच पैशाचा होता: ती श्रीमंत, तो कर्जात, आणि त्याच्या आईच्या बिलांची सोय ती त्याला न सांगता करते. हे उपकार घेऊन बरोबरीचा संसार कसा होणार? त्या प्रश्नाला प्रकरणं द्यायला हवी होती, लेखिका तो भराभर उरकते.

पानोपानी
इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. मी म्हटलं ना, पुस्तक तिथेच पडतं.

सडेतोड
आणि स्पर्शाचा मुद्दाही मी सोडलेला नाही. याच लेखिकेची ‘द हार्ट प्रिन्सिपल’ (२०२१) वाचा. व्हायोलिन वाजवणाऱ्या ॲनाला स्वतःला काय हवं ते तोंडातून काढायलाच फार वेळ लागतो. नायक क्वानही कॅन्सरमधून उठलेला, स्वतःच्या शरीराबद्दल धास्तावलेला. तिथे जवळीक अडखळते, मागे जाते, पुन्हा सुरू होते. शृंगार कमी, पण एकही अडथळा फुकट नाहीसा होत नाही.

टाकेदार
त्या पुस्तकाचा उत्तरार्ध आजारी वडिलांच्या सेवेत जातो, ते मात्र आधी सांगून ठेवा. ‘किस कोशंट’सारखं काही हवं म्हणून उचलणाऱ्याला ते जड जाईल.